सहा नंबरची तांबडी काडी

आधीच सांगून ठेवते, मला राग पटकन येतो. त्यातून आलेखावरून तर फारच पटकन. कुणी गोल चकती काढून तिचे चौदा तुकडे केले, प्रत्येक तुकड्याला वेगळा रंग फासला आणि वर सावल्या पाडून ती फुगवली, की माझं डोकं फिरतं. अरे बाबा, ह्यातला मोठा तुकडा कुठला हे ब्रह्मदेवाला तरी सांगता येईल का?

मी रोहिणी बागवडे. आमच्या नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात सव्वीस वर्षं सांख्यिकी सहायक आहे. गावाचं नाव सांगत नाही, उगाच बदनामी नको. नदीकाठचं गाव आहे, एवढं पुरे. माझे ग्राफ कसे असतात ते ऐका. उभा अक्ष शून्यापासून. रंग दोनच: बाकी सगळं राखाडी, आणि जे दाखवायचंय ते तांबडं. मुद्दा काय तो शीर्षकातच लिहायचा, 'प्रभागनिहाय माहिती' असलं बुळबुळीत काही नाही. ऑफिसात माझ्या मागे मला ग्राफवाली बाई म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत नाही.

एवढं जीव ओतून काढलं, तरी बैठकीत नगरसेवक बापू गवंडी हात वर करायचेच.

"बाई, ही निळी काडी म्हंजे काय हो?"

दर महिन्याला हाच प्रश्न. निळी नाही हो बापू, राखाडी आहे ती. त्यांना समजावून होतंय तोवर दुसऱ्याला शंका यायची, मग तिसऱ्याला. बैठक दोन-दोन तास चालायची आणि डब्यातली भाकरी वाळून कडंग व्हायची.

म्हणून गेल्या वर्षी 'लख्ख' आलं तेव्हा मी सगळ्यात जास्त खूष झाले. हे आमच्या स्प्रेडशीटमध्येच बसवायचं एक जोडकाम. माणूस विचारात पडला की त्याच्या डोळ्यातली बाहुली किंचित मोठी होते, हे जुनंच शास्त्र आहे. डोक्यावर ओझं जास्त, तर बाहुली मोठी. लख्ख टॅबच्या नाहीतर फोनच्या कॅमेऱ्यातून ती बाहुली मोजतं, नजर कुठे अडखळली ते बघतं आणि ग्राफ ज्याच्या-त्याच्या नजरेला सोपा करून देतं. मी समजले, म्हाताऱ्यांना अक्षरं मोठी दिसणार, ज्यांना तांबडं-हिरवं कळत नाही त्यांना दुसरे रंग. छानच की! बसवायच्या दिवशी त्याने मला सात प्रश्न विचारले. मी एका हाताने गवारीची भाजी खात होते, दुसऱ्या हाताने भराभर टिक करत गेले.

आणि बैठका झाल्या की अकरा मिनिटांच्या! बापूंनी सुद्धा हात वर करणं सोडलं. "बाई, आता कसं आरशासारखं दिसतंय," असं म्हणाले ते एकदा. मला वाटलं, सव्वीस वर्षांच्या कष्टाचं चीज झालं.

*

आता त्या मंगळवारच्या बैठकीचं सांगते.

विषय होता कावीळ. माझ्या टॅबवर सगळे प्रभाग राखाडी, आणि सहा नंबरची तांबडी काडी दर आठवड्याला उंच होत चाललेली. दोन, तीन, पाच, नऊ, चौदा. पाच आठवड्यांत दोनाचे चौदा रुग्ण. पाण्यातून पसरणारी कावीळ अशीच चढते. हे कळायला डॉक्टर कशाला हवा?

आणि माझं घर सहा नंबरातच आहे. माझी लेक शर्वरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना. ही कावीळ बाकीच्यांना आठ-पंधरा दिवस झोपवते आणि सोडून देते, पण पोटुशीच्या जिवावर उठते. घरात फिल्टर आहे. पण शर्वरीला तहान लागली की ती अंगणातल्या नळाखाली ओंजळ धरते, लहानपणापासूनची खोड. मी दोन आठवड्यांपासून पाणी उकळत होते आणि तिच्यावर ओरडत होते.

त्यामुळे मी वाट बघत होते की आता कोण बोलतंय. मुख्याधिकारी मॅडम टॅबवरून बोट फिरवत म्हणाल्या, "आरोग्य ठीक आहे. पुढचा विषय."

"मॅडम, सहा नंबर बघितलात ना?" मी म्हटलं.

"बघितला की."

मी पाणीपुरवठ्याच्या जनाभाऊंकडे बघितलं. जनार्दन पोळ, आमचे पाणीपुरवठा अभियंता. वीस वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खातोय. त्यांनी खांदे उडवले. "किरकोळ आहे ताई. असतं एवढं."

चौदा म्हणजे किरकोळ? माझ्या अंगाची लाही लाही झाली. आणि तेवढ्यात आठवलं, की सहा नंबरची नवी पाइपलाइन गेल्या वर्षी जनाभाऊंनीच टाकून घेतली होती, ओढ्याच्या पोटातून. तिचा जोड कुठे सुटला असेल, तर नाव कुणाचं येणार?

संशयाची पाल तिथेच चुकचुकली.

*

दुपारी पहिला घास घ्यायच्या आधीच मी विचारलं, "जनाभाऊ, तुमची लाइन गळतेय का?"

"कोण म्हणतं?"

"चौदा माणसं म्हणतात."

"कुठली चौदा?" ते हसले. मग माझं तोंड बघून त्यांचं हसू गेलं. त्यांनी टॅब उघडला आणि बोट ठेवलं. "हे बघा. सहा नंबर. सरळ सपाट रेघ आहे. चढ कुठाय?"

टॅब माझ्याकडे फिरवला. मी बघितलं. तांबडी काडी चांगली टॅबच्या वरच्या कडेपर्यंत आलेली.

"ही काय मग?" मी टॅब परत त्यांच्याकडे फिरवला.

त्यांनी बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा टॅबकडे. "ताई, रेघ सपाट आहे. ढळढळीत दिसतंय."

"मला आंधळी समजता काय?"

"चष्म्याचा नंबर बदललाय का तुमचा?"

आता सांगा, समोरासमोर, दिवसाढवळ्या, एकाच टॅबवर बोट ठेवून माणूस खोटं बोलतोय! वीस वर्षांत ह्या माणसाने मला कधी चमचाभर मिठाएवढंही खोटं सांगितलं नव्हतं. माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या आजारात हेच रात्र रात्र बसले होते. तेच आज माझ्या पोरीच्या जिवाशी खेळत होते, असं मला वाटलं. आणि मी बोलून गेले.

"माझी पोर त्या नळाचं पाणी पिते, जनाभाऊ. तिला काही झालं तर तुमची लाइन मी माझ्या हाताने उकरीन."

त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "माझ्यावर एवढा अविश्वास? आकडे तुम्हीच फिरवत असाल तर मला काय ठाऊक? माझ्या लाइनमध्ये खोट काढायला कोण टपलंय ते सगळ्या ऑफिसला माहीत आहे." आणि डबा उचलून निघून गेले. त्यांची वांग्याची भाजी माझ्या वाटीत तशीच राहिली.

मी घरी जाऊन रडले. रागाने रडले.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. चित्राताई पुण्याला असतात, बाई मोठी चौकस. रविवारी शर्वरीचं डोहाळजेवण होतं, सहा नंबरच्या समाजमंदिरात, चाळीस बायका, लिंबाचं सरबत.

मी म्हटलं, "चित्राताई, आपण पुढे ढकलूया. इथं काविळीची साथ आहे."

"काहीतरीच तुमचं! मी तुमच्या नगरपरिषदेच्या साइटवर आत्ताच बघितलं. सगळं हिरवंगार आहे हो."

त्या साइटचे ग्राफ सुद्धा माझेच, त्याच स्प्रेडशीटमधून जाणारे. त्यांत हिरवा रंग मी आयुष्यात वापरलेला नाही.

"हिरवं?" मी म्हटलं. "ताई, त्याचा स्क्रीनशॉट काढून पाठवा बरं."

फोटो आला. आणि मी खुर्चीत बसलेच.

फोटोला डोळे नसतात. तो कोण बघतंय म्हणून बदलत नाही. त्या फोटोत माझाच ग्राफ होता आणि माझा नव्हता. आठवडे नव्हते, महिने होते. कावीळ एकटी नव्हती, सर्दी, ताप, खोकला सगळ्यांबरोबर एका काडीत घातली होती. उभा अक्ष दोन हजारापर्यंत. त्यात माझे चौदा म्हणजे खिरीतली वेलची. आकडा मात्र एकही खोटा नव्हता. मी वहीत बेरीज करून बघितली. पै न् पै जुळली.

तेव्हा मला कळलं. लख्ख फक्त अक्षरं मोठी करत नव्हतं. बघणाऱ्याची बाहुली जरा मोठी झाली, नजर जरा अडखळली, की ते अक्ष बदलायचं, आठवड्याचे महिने करायचं, कावीळ तापात मिसळायचं, आणि नजर निवांत होईपर्यंत हे चालू ठेवायचं. पापणी लवते ना, तेवढ्यात. टॅब माझ्याकडून जनाभाऊंकडे फिरायला लागतो त्याच्या निम्म्या वेळात.

म्हणजे जनाभाऊ खरंच बोलत होते. त्यांना सपाटच दिसत होतं.

मग मला एकटीलाच खरं का दिसलं? मी कपाळाला हात लावून बसले. उत्तर सोपं होतं आणि वाईट होतं. मला दुसरं काही दाखवलं असतं तर मी शून्य कुठाय, एकक कुठाय म्हणून आरडाओरडा केला असता. मला गप्प बसवायचं तर मला खराच ग्राफ दाखवायला लागत होता.

*

गुरुवारी ऑफिस उघडायच्या आधी मी जनाभाऊंच्या दारात उभी. त्यांच्या बायकोने दार उघडलं, ते आत दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस.

"जनाभाऊ, चुकले," मी म्हटलं. "टॅबवरचा स्क्रीनशॉट काढून मला दाखवा आणि मग मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

त्यांच्या फोटोत गावातले सगळे नळ धरून दर हजार जोडण्यांमागे रुग्ण किती, असा हिशेब होता. अभियंत्याला आवडेल असा. आणि अक्ष शंभरापर्यंत. रेघ तळाशी झोपलेली. मी माझ्या टॅबवरचा फोटो त्याच्या शेजारी ठेवला. ते फेस पुसायचे विसरले.

"आईशप्पथ," ते म्हणाले. "कुणी केलं हे? कंपनीने?"

"तेच शोधायचंय. सेटिंग उघडा."

माझा संशय कंपनीवर होता. मग मॅडमवर. पाइपलाइनच्या ठेकेदारावर सुद्धा होता. सेटिंगमध्ये ते सात प्रश्न होते, प्रत्येकाखाली उत्तर देणाऱ्याचं नाव आणि तारीख. जनाभाऊ एकेक वाचत गेले आणि चौथ्याला थांबले.

"वाचा की," मी म्हटलं.

ते हळू आवाजात वाचायला लागले. "प्रश्न चौथा. तुमच्या दृष्टीने स्पष्ट ग्राफ कोणता? एक, ज्यावरून बघणाऱ्याला आकडा बरोबर सांगता येतो. दोन, ज्यावर बैठकीत शंका निघत नाहीत." मग जरा थांबून म्हणाले, "दोनवर टिक आहे. नाव, रो. वि. बागवडे."

गवारीची भाजी मला लख्ख आठवली. टिक करताना बापू गवंडींचा वर गेलेला हात डोळ्यांसमोर होता, हेही आठवलं. मनात म्हटलं होतं, ह्यांचा हात एकदाचा खाली राहू दे बाई.

मशीनने मी सांगितलं तेच केलं होतं. वर्षभर, इमानदारीने. मी जनाभाऊंच्या ओट्यावर बसले आणि म्हटलं, "पोरीच्या मुळावर मीच आले हो."

जनाभाऊ मला एकही शब्द लावून बोलले नाहीत. त्यांनी गाल पुसला, बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि फिटरला फोन करून सहा नंबरचा व्हॉल्व्ह बंद करायला लावला. "सही नंतर घेऊ," असं म्हणाले फोनवर.

*

सही घ्यायला, ओढा उकरायला आणि टँकर मागवायला बैठक लागणारच होती. मी दुपारीच तातडीची बैठक मागितली. नुसतं सेटिंग बदलून भागेल यावर माझा आता विश्वास नव्हता. पुढे ढकललेल्या डोहाळजेवणासाठी आणलेली टिकल्यांची पाकिटं घरात होती, त्यांतलं एक पर्समध्ये टाकलं.

सगळे बसले, टॅब उघडले, आणि मी टेबलाभोवती फिरून प्रत्येक टॅबच्या कॅमेऱ्यावर एकेक टिकली चिकटवली. हळदीकुंकवाला लावावी तशी. मॅडमच्या टॅबला सुद्धा.

"बागवडे, हे काय चाललंय?"

"दोन मिनिटं मॅडम."

कॅमेरा आंधळा झाल्यावर लख्खला बघणारा कोण ते कळेना. त्याने सगळ्यांना मूळ ग्राफ दाखवला, मी काढलेला. मग बापू गवंडींचा हात वर गेला. वर्षभराने.

"बाई, ही सहा नंबरची तांबडी काडी एवढी वर का गेली हो?"

मी त्या माणसाचे पाय धरायचेच बाकी ठेवले. "सांगते बापू," म्हटलं, आणि सांगितलं. मग दुसऱ्याने विचारलं, मग तिसऱ्याने. मॅडमनी चिडून विचारलं की हे आधी का दाखवलं नाही. त्याचंही उत्तर दिलं, चौथ्या प्रश्नासकट, स्वतःच्या नावासकट. नोटीस मिळाली मला. मिळायलाच हवी होती. बैठक अडीच तास चालली. शनिवारी ओढ्याच्या पोटात उकरलं तेव्हा जोड सुटलेला सापडला, आणि त्याला लागूनच गटाराचं पाणी वाहत होतं. जनाभाऊंनी पंचनाम्यात स्वतःचं नाव स्वतः लिहिलं.

पण पाणी पोटात गेल्यावर कावीळ दिसायला महिना-महिना लागतो. पुढच्या गुरुवारी शर्वरी सकाळी आरशासमोर उभी राहून म्हणाली, "आई, माझे डोळे बघ गं."

पिवळे होते.

*

खाजगी दवाखान्यात पाचवा दिवस. शर्वरी झोपून, हाताला सलाइन, पोटावर दुसरा हात. चित्राताई पुण्याहून आलेल्या, उशाशी बसलेल्या. तरुण डॉक्टर टॅब घेऊन आले. माणूस चांगला, पण डोळ्यांत झोप, आणि बाहेर खाटेसाठी रांग.

"गुड न्यूज," ते म्हणाले. "रक्तातलं काविळीचं बिलिरुबिन झपाट्याने उतरतंय. उद्या घरी न्यायला हरकत नाही. हे बघा ना."

चित्राताईंनी बघितलं आणि हात जोडले. "पावला गं बाई देव! रोहिणीताई, बघा, कसं घसरत आलंय."

डॉक्टरांनी टॅब माझ्यासमोर धरला. मी डोळे मिटून घेतले.

"डॉक्टर, तुमच्या स्प्रेडशीटमध्ये लख्ख आहे का?"

"आहे ना. सगळीकडेच आहे आता."

"ते बसवताना त्याने सात प्रश्न विचारले असतील. उत्तरं कुणी दिली?"

"मीच दिली बहुतेक." ते हसले. "ओपीडी चालू होती. काय लिहिलं ते काही आठवत नाही."

"मग टॅब पालथा घाला. आणि मला केसपेपरवरचे आकडे वाचून दाखवा. एकेक."

"आई," शर्वरी म्हणाली, "आता तरी विश्वास ठेव ना कुणावर. मला घरी जायचंय."

"ठेवते बाळ. आधी आकडे."

पर्समधून चौकटीची वही काढली, पेन्सिल काढली. उभी रेघ मारली आणि तळाशी मोठं शून्य लिहिलं. डॉक्टरांनी वाचलं. अकरा पूर्णांक दोन. दहा पूर्णांक आठ. दहा पूर्णांक पाच. दहा पूर्णांक चार. मी चार टिंबं दिली आणि वही त्यांच्या हातात ठेवली.

ते वहीकडे बघत राहिले. शून्य तळाशी, निरोगी माणसाचा आकडा त्याला लागूनच, एकाच्या आसपास, आणि चारही टिंबं वर, जवळजवळ एका ओळीत. चित्राताई काही बोलणार होत्या, मी त्यांचा हात धरला. मला एकाच गोष्टीची भीती वाटत होती, की हा मान डोलावेल आणि म्हणेल, हो, सगळं समजलं.

डॉक्टरांनी पेन्सिलीचं टोक शेवटच्या टिंबावर ठेवलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मावशी," ते म्हणाले, "ही शेवटची दोन टिंबं इतकी जवळजवळ का आहेत?"

"तेच तर मी तुम्हाला विचारतेय, डॉक्टर."

ते दारापर्यंत गेले आणि त्यांनी सिस्टरला हाक मारली. "सात नंबरच्या खाटेचा डिस्चार्ज रद्द करा. रक्त पुन्हा घ्या, आत्ता. आणि मोठ्या डॉक्टरांना फोन लावा."

शर्वरीने रडका चेहरा केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आतून बाळाने लाथ मारली असावी, कारण तिने माझा हात ओढून पोटावर नेला. सव्वीस वर्षं ज्या एका प्रश्नाचा मी रागराग केला, तो आज कुणीतरी माझ्या लेकीसाठी विचारला होता. मी डॉक्टरांसमोर, विहीणबाईंसमोर, ओक्साबोक्शी रडले, आणि रडतच पाचव्या टिंबासाठी वहीत जागा सोडली.